जीवनसत्त्वाचं इंजेक्शन: बाही वर करण्याआधी

सकाळी उठल्यापासून अंग जड, जिना चढताना धाप, दुपारी डोळ्यांवर झापड. अशा वेळी कुणीतरी हमखास सांगतं, "एक ताकदीचं इंजेक्शन घे, दोन दिवसांत टुणटुणीत होशील." ऐकायला बरं वाटतं. महिना महिना गोळ्या गिळत बसण्यापेक्षा एकदा टोचून घेतलं की सुटलो! हा लेख अशाच, पहिल्यांदा जीवनसत्त्वाचं इंजेक्शन घ्यायच्या विचारात असलेल्यांसाठी आहे. 'घेऊच नका' असं मी सांगणार नाही. काही जणांना या सुईवाचून गत्यंतर नसतं, आणि ती उशिरा मिळाली तर नसांचं कायमचं नुकसान होतं. पण अशांची संख्या थोडी आणि उगाच टोचून घेणाऱ्यांची मोठी.

सुई एकच काम करते. पोट आणि आतडं वगळून औषध थेट स्नायूत किंवा शिरेत पोचवते. वाट जवळची होते, एवढंच. नव्या रक्तपेशी घडणं, नसांची डागडुजी होणं, हाडं भरून येणं ही पुढची कामं शरीर आपल्या नेहमीच्या गतीनंच करतं. त्यामुळे 'इंजेक्शन गोळीपेक्षा जोरदार आहे का' हा प्रश्न मुळात बाजूला ठेवा. विचारायचं ते असं: माझी आतड्याची वाट बंद आहे का? खालच्या सगळ्या पायऱ्या या प्रश्नाभोवतीच फिरतात.

पायरी १: वाट बंद आहे का, ते बघा

सगळ्यात जास्त टोचलं जाणारं जीवनसत्त्व म्हणजे बी-१२. त्याचा पोटातला प्रवास एकदा समजला की बाकीचं सोपं जातं.

बी-१२ प्राणिज पदार्थांतून येतं आणि तिथं ते प्रथिनांना चिकटलेलं असतं. जठरातलं आम्ल आणि पाचकरस ते सोडवतात. मग जठराच्याच पेशींनी तयार केलेलं 'इंट्रिन्सिक फॅक्टर' नावाचं एक प्रथिन त्याला धरतं आणि लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागापर्यंत नेतं. तिथं ते शोषलं जातं. या साखळीची एक कडी तुटली तरी माणूस कितीही नीट जेवत असला तरी कोरडाच राहतो. कडी तुटते कशी? परनिशियस ॲनिमियात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच जठराच्या पेशींवर आणि इंट्रिन्सिक फॅक्टरवर उलटते. वजन घटवण्यासाठी किंवा दुसऱ्या कारणानं जठराचा भाग काढला असेल, लहान आतड्याचा शेवटचा तुकडा शस्त्रक्रियेत गेला असेल, किंवा तिथं क्रोन्ससारखा दाह असेल, तरी तेच होतं. वय वाढतं तसं जठरातलं आम्ल कमी होतं. ओमेप्राझोल, पँटोप्राझोलसारख्या आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर सोडवण्याचं काम मंदावतं. मधुमेहावरची मेटफॉर्मिनही लांबच्या वापरात बी-१२ चं शोषण कमी करते.

यांतलं काहीच नसेल आणि फक्त आहारात प्राणिज पदार्थ नसतील, तर वाट उघडी आहे, माल येत नाहीये. इथं गोळी पुरते. मोठ्या माणसाची रोजची गरज साधारण २.४ मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाची दोन-अडीच पट. इतक्या थोडक्या गरजेसाठी १००० मायक्रोग्रॅमची गोळी का देतात? कारण बी-१२ ला एक चोरवाटही आहे. इंट्रिन्सिक फॅक्टर नसला तरी मोठ्या डोसातला साधारण एक टक्का आतड्यातून आपोआप झिरपतो. हजाराचा एक टक्का म्हणजे दहा, गरजेच्या चौपट! म्हणूनच परनिशियस ॲनिमियाच्या रुग्णांनासुद्धा काही डॉक्टर मोठ्या डोसाच्या गोळ्यांवर ठेवतात. मात्र सुरुवातीला, विशेषतः लक्षणं तीव्र असताना, सुईलाच प्राधान्य असतं.

आणखी एक गोष्ट. यकृतात बी-१२ चा साठा काही मिलिग्रॅमचा असतो आणि तो संपायला वर्षं लागतात. म्हणजे 'गेल्या महिन्यात जेवणाची आबाळ झाली, म्हणून बी-१२ घटलं' हे जवळजवळ कधीच खरं नसतं. आज जी कमतरता दिसते तिची सुरुवात काही वर्षांपूर्वी झालेली असते.

पायरी २: आधी रक्त, मग सुई

हा क्रम उलटा झाला की घोटाळा होतो, आणि बहुतेक जण नेमका तोच उलटा करतात. आधी इंजेक्शन, फरक पडला नाही की तपासणी. पण बी-१२ टोचल्यावर रक्तातलं प्रमाण आठवडे न् आठवडे चढलेलं राहतं. मग रिपोर्ट नॉर्मल येतो आणि मूळ कारण कधी कळतच नाही. हात पुढे करण्याआधी एकदा रक्त देऊन या. डॉक्टरांनी तातडीचं म्हणून लगेच टोचायचं ठरवलं, तरी निदान नमुना आधी काढून ठेवायला सांगा. रिपोर्टची वाट बघत बसायची गरज नाही.

काय तपासायचं ते लक्षणांवर ठरतं. थकव्यासाठी साधारणपणे संपूर्ण रक्तगणना, थायरॉइड, साखर, फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व. रक्तगणनेत 'एमसीव्ही' नावाचा आकडा असतो, म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान. तो १०० च्या वर गेला तर पेशी फुगल्यात. बी-१२ किंवा फोलेट (ब गटातलंच जीवनसत्त्व, गोळीतलं फोलिक ॲसिड) कमी असण्याची ही जुनी खूण. पण लोहही कमी असेल तर पेशी एकीकडून फुगतात, दुसरीकडून आक्रसतात, आणि आकडा मधोमध, निष्पाप दिसतो. रिपोर्ट वाचायला डॉक्टर लागतो तो यासाठी.

बी-१२ चं प्रमाण २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलीटरच्या खाली असेल तर बहुतेक ठिकाणी ती कमतरता धरतात. २०० ते ३०० हा काठावरचा पट्टा. तिथं असाल तर मिथाइलमॅलोनिक ॲसिड आणि होमोसिस्टीन या दोन चाचण्या मदतीला येतात; बी-१२ खरंच कमी पडत असेल तर दोन्ही चढतात. मूत्रपिंड कमजोर असेल तरीही चढतात, हे लक्षात असू द्या.

केसांसाठी, नखांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी ते सांगा. मोठ्या डोसातलं बायोटिन थायरॉइडच्या आणि हृदयविकार ओळखण्याच्या ट्रोपोनिनच्या चाचणीतही गडबड करू शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. बायोटिन सौंदर्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या कितीतरी मिश्रणांत असतं, त्यामुळे घेणाऱ्याला बरेचदा आपण ते घेतोय हेच ठाऊक नसतं.

थकव्यामागे थायरॉइड, झोपेत श्वास अडकणं, नैराश्य, लोहाची कमतरता असं काहीही निघू शकतं. अशा वेळी बी-१२ टोचणं म्हणजे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

पायरी ३: नेमकं काय टोचणार, ते नावानिशी विचारा

'ताकदीचं' असं कुठलंही औषध नसतं. अँप्यूलवर, म्हणजे औषधाच्या छोट्या काचेच्या कुपीवर, नाव असतं, मात्रा असते. ती विचारा, वाचा, लिहून घ्या. प्रत्येक जीवनसत्त्वाची तऱ्हा निराळी आहे.

बी-१२ तीन रूपांत मिळतं: सायनोकोबालामिन, हायड्रॉक्सोकोबालामिन आणि मिथाइलकोबालामिन. सायनोकोबालामिनचा बराचसा भाग एक-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातो. हायड्रॉक्सोकोबालामिन शरीरात जास्त काळ टिकतं, म्हणून ते अंतराअंतरानं दिलं तरी चालतं. (सायनो म्हणजे सायनाइडच, पण इतकं किरकोळ की निरोगी माणसाला त्याची झळ लागत नाही. गंमत अशी की सायनाइडची विषबाधा झाली तर हायड्रॉक्सोकोबालामिनच मोठ्या मात्रेत शिरेतून देतात. ते सायनाइडला पकडून त्याचं सायनोकोबालामिन करतं आणि ते लघवीतून बाहेर पडतं.) नेहमीचा डोस १००० मायक्रोग्रॅम, म्हणजे एक मिलिग्रॅम. वेळापत्रक देशादेशांत वेगळं असतं. ब्रिटनमध्ये हायड्रॉक्सोकोबालामिन पहिले दोन आठवडे आठवड्यातून तीनदा आणि मग दोन-तीन महिन्यांनी एकदा देतात. नसांवर परिणाम झाला असेल तर एक दिवसाआड, सुधारणा थांबेपर्यंत. म्हणजे 'एक इंजेक्शन' हा प्रकारच नाही. खरी कमतरता असेल तर मालिका असते, आणि कारण कायमचं असेल तर मालिकाही जन्मभराची.

हातापायांना मुंग्या, तळवे बधिर, अंधारात चालताना तोल जाणं, विसरभोळेपणा ही लक्षणं असतील तर दिरंगाई नको. इथं हिमोग्लोबिन अगदी व्यवस्थित असूनही नसा झिजत असू शकतात. आणि बी-१२ कमी असताना नुसतं फोलिक ॲसिड घेत राहिलात तर रक्त सुधारतं, सगळं ठीक वाटतं, आतून नसांची झीज मात्र चालूच राहते.

ड जीवनसत्त्वाची गोष्ट अगदी उलटी. हे तेलात विरघळणारं. स्नायूत टोचलं की तिथं साठून राहतं आणि सावकाश, आठवडे न् आठवडे झिरपत रक्तात येतं. म्हणजे झटपट म्हणून ज्याचं इंजेक्शन घ्यायला लोक जातात, ते तोंडावाटे घेतल्यास रक्तातलं प्रमाण लवकर वाढतं! ज्यांच्या आतड्यात स्निग्ध पदार्थ शोषले जात नाहीत किंवा जे औषध तोंडानं घेऊच शकत नाहीत, त्यांच्यासाठी ड ची सुई ठीक. बाकीच्यांना थेंब, गोळी, कॅप्सूल पुरे. शिवाय एकदाच ढीगभर दिलं की भागलं, हे गणितही चुकतं. ऑस्ट्रेलियातल्या सत्तरीपुढच्या दोन हजारांहून जास्त स्त्रियांवर एक अभ्यास झाला, २०१० मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या जणींना वर्षातून एकदा ५ लाख युनिट ड जीवनसत्त्व तोंडावाटे दिलं होतं. उद्देश होता हाडं मोडणं कमी व्हावं. झालं भलतंच: ज्यांना ते दिलं त्या जास्त वेळा पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. हे इंजेक्शन नव्हतं, पण तीन लाख, सहा लाख युनिटची सुई 'एकदाच घेऊन टाकू' म्हणणाऱ्यानं हा निकाल ध्यानात ठेवावा. ड जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम चढतं: तहान, बद्धकोष्ठ, मळमळ, वारंवार लघवी, मुतखडा. टोचलेलं औषध परत काढता येत नाही, गोळी निदान थांबवता तरी येते.

बी-१ म्हणजे थायमिन. याचा साठा शरीरात जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. दारूचं व्यसन, आठवडे न् आठवडे चाललेल्या उलट्या, दीर्घ उपासमार यांत तो संपतो आणि माणूस गोंधळल्यासारखा वागू लागतो, डोळ्यांची हालचाल बिघडते, चाल लटपटते. ही आणीबाणी आहे. इथं थायमिन शिरेतून आणि ताबडतोब लागतं, आणि अशा माणसाला ग्लुकोज लावण्याआधी किंवा निदान त्याच्या बरोबरीनं ते द्यावं लागतं. जीवनसत्त्वाची सुई खऱ्या अर्थानं जीव वाचवते ती अशा ठिकाणी.

के जीवनसत्त्व बहुतेकांनी आयुष्यात एकदाच घेतलेलं असतं, तेही न कळत्या वयात. नवजात बाळात ते फार कमी असतं, आईच्या दुधातही थोडंच येतं, म्हणून जन्मल्यावर अर्धा ते एक मिलिग्रॅम मांडीत टोचतात. त्यानं पहिल्या काही महिन्यांतला मेंदूतला, आतड्यांतला रक्तस्राव टळतो. घरातलं कुणी 'इवल्याशा जिवाला सुई कशाला' म्हणालं तर हे सांगा. या सुईबद्दल माझ्या मनात कणभरही शंका नाही.

क जीवनसत्त्व शिरेतून घेण्याची सध्या हौस आहे. तोंडानं दिवसाला २०० ते ४०० मिलिग्रॅमच्या आसपास घेतलं की रक्तातलं प्रमाण जवळजवळ छताला टेकतं. त्यापुढचं मूत्रपिंड बाहेर टाकतं. शिरेतून ते छत फोडता येतं खरं. पण निरोगी माणसाला त्या उंचीवर जाऊन काय मिळतं, याचं पटणारं उत्तर नाही. धोका मात्र आहे. ज्यांच्यात जी-सिक्स-पीडी हे विकर जन्मतः कमी असतं त्यांच्या तांबड्या पेशी मोठ्या डोसानं फुटू शकतात. मूत्रपिंडात ऑक्झलेट, म्हणजे मुतखडा घडवणारा क्षार, साचू शकतं. काही ग्लुकोमीटर अशा डोसानंतर साखर खोटीच जास्त दाखवतात, आणि त्या आकड्यावर कुणी इन्शुलिन घेतलं तर साखर धोकादायक खाली जाते.

मग उरतात मिश्रणं. बी-१, बी-६, बी-१२ एकत्र असलेली 'नसांची' इंजेक्शनं, आणि मायर्स कॉकटेल नावाचं सलाईनमधलं मिश्रण: मॅग्नेशियम, कॅल्शियम, ब गटातली जीवनसत्त्वं आणि क. फायब्रोमायाल्जियाच्या, म्हणजे अंगभर दुखत राहण्याच्या आजाराच्या, रुग्णांवर या कॉकटेलची एक छोटी चाचणी झाली. एका गटाला कॉकटेल, दुसऱ्याला नुसतं पाण्यासारखं द्रावण. बरं दोन्ही गटांना वाटलं, आणि दोघांतला फरक ठामपणे सांगण्याइतका नव्हता. कुणीतरी अर्धा तास आपल्याकडे लक्ष देतं, आपण पडून राहतो, अंगात पाणी जातं. तरतरी वाटणारच. ती खोटी नसते, फक्त तिचं श्रेय जीवनसत्त्वाला द्यायचं की नाही एवढाच सवाल.

बी-६ बद्दल मात्र सावध राहा. ते मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर त्यानंच हातपाय बधिर होतात. ज्या तक्रारीसाठी माणूस इंजेक्शन घेत राहतो तीच तक्रार इंजेक्शन वाढवतंय, आणि वाढली म्हणून तो आणखी घेतोय, अशी चक्रं घडतात. रोजच्या सेवनाची सुरक्षित कमाल मर्यादा अमेरिकेत मोठ्यांसाठी १०० मिलिग्रॅम धरतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये ती १२ मिलिग्रॅमवर आणली. गोळ्या, शक्तिवर्धक पेयं आणि इंजेक्शन यांतलं मिळून सगळं बी-६ मोजा.

पायरी ४: डॉक्टरांसमोर काही लपवू नका

चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटंच सोबत न्या, नावं आठवत बसू नका. रक्त पातळ करणारं औषध घेत असाल तर ते सगळ्यात आधी सांगा, कारण स्नायूत टोचल्यावर आत रक्त साकळू शकतं. बी-१२ अशा वेळी कातडीखालीही देता येतं. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यानं के जीवनसत्त्वाच्या वाटेला स्वतःहून जाऊच नये, ते वॉरफरिनचा परिणाम पुसून टाकतं. पूर्वी कुठल्या इंजेक्शननं अंगावर पित्त उठलं, सूज आली, दम लागला, तर ते सांगा. कोबाल्टची ॲलर्जी असेल तर बी-१२ च्या बाबतीत ती महत्त्वाची, कारण या जीवनसत्त्वाच्या मधोमध कोबाल्टचा अणू बसलेला आहे. त्याचा तांबडा रंगही त्यामुळेच. लेबर नावाचा डोळ्याच्या नसेचा आनुवंशिक आजार घरात असेल तर सायनोकोबालामिन टाळतात. मुतखडा, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल तर सलाईनमधून काहीही घेण्याआधी दोनदा विचार व्हायला हवा, पाण्याचाच भार सोसत नाही. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर अ जीवनसत्त्व असलेलं मिश्रण नको. जास्त मात्रेत ते गर्भाला घातक ठरतं.

पायरी ५: टोचून घेताना

कोण टोचणार? प्रशिक्षित परिचारिका किंवा डॉक्टर, आणि जागा अशी जिथं ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया आली तर ॲड्रेनलिन हाताशी आहे. सलूनमध्ये, व्यायामशाळेत किंवा घरच्या सोफ्यावर 'करून देतो' म्हणणाऱ्याकडे हे नसतं. थायमिन, के यांसारख्या जीवनसत्त्वांनीसुद्धा, विशेषतः शिरेतून वेगानं दिल्यास, क्वचित जिवावर बेतणारी प्रतिक्रिया येते. क्वचित म्हणजे कधीच नाही, असं नव्हे.

अँप्यूल फोडण्याआधी बघायला मागा. लाजू नका, चांगली परिचारिका स्वतःहून दाखवते. नाव, मात्रा, मुदत. द्रावणात कण किंवा गढूळपणा नको. बी-१२ उजेडानं खराब होतं, म्हणून ते बहुधा गडद काचेत किंवा खोक्यात ठेवलेलं असतं. खिडकीत उन्हात पडलेली अँप्यूल दिसली तर घेऊ नका. सिरिंज आणि सुई दोन्ही तुमच्यासमोर पाकीट फोडून काढलेल्या हव्यात. सुई बदलली पण सिरिंज तीच, हे चालत नाही. सिरिंजमध्येही रक्ताचा अंश राहतो. दूषित सुयांतून हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही पसरतो. पुन्हा वापरताच येणार नाहीत अशा सिरिंजकडे वळा, असं आवाहन जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये केलं ते यासाठीच. एकाच बाटलीतून अनेकांना देत असतील तर बाटली कधी उघडली याची तारीख तिच्यावर लिहिलेली असायला हवी. उघडल्यापासून २८ दिवसांनी ती टाकून देण्याचा प्रघात आहे.

कुठं टोचतात? एक मिलिलीटरपर्यंत दंडात चालतं. जास्त असेल तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला किंवा कुल्ह्याच्या बाजूच्या स्नायूत. कुल्ह्याच्या मागच्या भागात टोचण्याची जुनी सवय अजून आहे, पण तिथून पायाची मोठी नस जाते आणि नेम चुकला तर पाय लुळा पडल्याची उदाहरणं आहेत. बाजूचा भाग सुरक्षित. स्पिरिट लावल्यावर ते सुकू द्यावं, अर्धा मिनिट जातो; ओल्यावर टोचलं की जास्त चुरचुरतं. अंग सैल सोडा. टोचायचा हात कमरेवर ठेवून कोपर ढिलं सोडलं तर दंडाचा स्नायू आपोआप सैलावतो. नंतर जोरात चोळू नका, बोळा नुसता दाबून धरा.

झालं की लगेच उठून निघू नका. पंधरा-वीस मिनिटं बसा, पहिल्यांदाच घेत असाल तर अर्धा तास. या वेळात दोन वेगळ्या गोष्टी होऊ शकतात आणि त्या ओळखता आल्या पाहिजेत. पहिली: चेहरा पांढराफटक, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, नाडी मंद. ही सुईच्या भीतीनं येणारी भोवळ. आडवं करून पाय उंच केले की मिनिटा-दोन मिनिटांत माणूस सावरतो. दुसरी: अंगभर गांधी, खाज, ओठ-जीभ सुजणं, आवाज घोगरा, छातीत घरघर, नाडी भरभर. हिच्यात थांबायचं नसतं. ताबडतोब ॲड्रेनलिन, मग रुग्णालय.

पायरी ६: नंतरचे दिवस

ब गटाचं मिश्रण घेतल्यावर दुसऱ्या दिवशी लघवी गर्द पिवळी झाली तर घाबरू नका, ब गटातलं रायबोफ्लेविन बाहेर पडतंय. टोचलेली जागा एक-दोन दिवस दुखते. ती लाल, गरम होऊन फुगत चालली आणि ताप आला तर मात्र दाखवा. बी-१२ नंतर काहींच्या चेहऱ्यावर मुरुमासारखे पुटकुळे येतात.

फरक कधी दिसेल? खरी बी-१२ ची कमतरता असेल तर हाडातल्या मगजात काम लगेच सुरू होतं. नव्या, कोवळ्या तांबड्या पेशींची संख्या आठवड्याभरात चढलेली दिसते. रक्तक्षय भरून यायला सहा-आठ आठवडे. हातापायांच्या मुंग्या सगळ्यात हट्टी: त्यांना महिने लागतात, वर्षही लागतं, आणि फार जुनं नुकसान असेल तर पूर्ण जात नाहीत. सुरुवातीला त्या थोड्या वाढल्यासारख्याही वाटू शकतात. रक्तक्षय फारच तीव्र असेल तर पहिल्या दिवसांत नव्या पेशी रक्तातलं पोटॅशियम ओढून घेतात आणि ते धोकादायक उतरू शकतं, म्हणून अशा रुग्णाला दवाखान्याच्या नजरेखाली ठेवतात.

पहिल्या इंजेक्शननंतर तासाभरात जग बदलल्यासारखं वाटलं, तर आनंद माना, पण त्यावरून निदान पक्कं झालं असं समजू नका. आणि दोन महिन्यांच्या पूर्ण मालिकेनंतरही थकवा जसाच्या तसा असेल, तर आणखी सुया मागण्याऐवजी पायरी २ वर परत जा.

ड जीवनसत्त्वाची फेरतपासणी तीन महिन्यांनी करा, त्याआधी आकडा स्थिरावत नाही.

पायरी ७: घरी टोचायची वेळ आली तर

ज्यांना बी-१२ जन्मभर लागणार, ते बरेच जण पुढे स्वतःच टोचायला शिकतात. परिचारिकेसमोर दोन-तीनदा करून दाखवल्याशिवाय एकट्यानं सुरू करू नका. पडद्यावर बघून शिकायची ही गोष्ट नाही. प्रत्येक वेळी जागा बदला, आज डावी मांडी, पुढच्या खेपेला उजवी. वापरलेल्या सुईला टोपण परत घालायला जाऊ नका, बहुतेक बोटं त्याच क्षणी टोचली जातात. ती जाड प्लॅस्टिकच्या, झाकणाच्या डब्यात टाका आणि डबा तीन चतुर्थांश भरला की दवाखान्यात नेऊन द्या. घरच्या कचऱ्यात सुटी सुई गेली तर ती कचरा वेचणाऱ्याच्या हातात घुसते.

आणि एक वही ठेवा. तारीख, औषधाचं नाव, मात्रा, अँप्यूलवरचा बॅच क्रमांक, कुठल्या बाजूला टोचलं, काही त्रास झाला का. शेवटच्या रकान्यात पुढची तारीख. गाव बदललं, डॉक्टर बदलले, की नव्या माणसापुढे ही वही उघडून ठेवायची. 'आधी कुणीतरी लाल रंगाचं काहीतरी टोचायचे' यावरून कुणालाच काही कळत नाही.